‘टू’च्या पुढे काय लिहायचं?

पवना धरणाच्या काठावर तुंग-तिकोन्याच्या परिसरात तंबू आणि होमस्टे चालवणाऱ्या मंडळींना हल्ली रोज इंग्रजीत लिहावं लागतं. पाहुण्याने आगाऊ पैसे भरले की त्याच्या फोनवर एक संदेश जातो. रस्ता कुठून वळतो, गाडी कुठे लावायची, जेवण किती वाजता, आणि शेवटी आर्जवाची एक ओळ: ‘वुई लुक फॉरवर्ड टू वेलकम यू.’ अर्थ कळतो, पाहुणा येतो, काही बिघडत नाही. तरीही नेमाने इंग्रजी वाचणारा माणूस या ओळीपाशी थबकतो, कारण त्याने ती आजवर वेगळी वाचलेली असते: ‘वुई लुक फॉरवर्ड टू वेलकमिंग यू.’

आता कोडं पडतं. ‘टू’च्या पुढे क्रियापदाचं मूळ रूप येतं, हे आपण शाळेत घोकलेलं असतं. ‘टू गो’, ‘टू ईट’, ‘टू सी’. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढलेल्या आजोबांनी हेच पाठ केलं आणि आज सेमी-इंग्रजीत शिकणारी नातही हेच करते. मग इथे ‘इंग’ कुठून आलं? आणि ते बरोबर की चूक हे कसं ठरवायचं? तळेगावच्या कारखान्यात अर्ज करणारा पदवीधर ‘लुक फॉरवर्ड टू हिअर फ्रॉम यू’ लिहितो तेव्हा याच जागी अडखळतो. चिक्कीच्या खोक्यावर इंग्रजी मजकूर छापणाऱ्यालाही दुसऱ्या एखाद्या शब्दापाशी हीच शंका येते.

सगळं इंग्रजी व्याकरण शिकणं हे वर्षांचं काम आहे. दोन-चार शब्दांचा तुकडा तपासणं मात्र दहा मिनिटांत जमतं आणि ते कुणालाही शिकता येतं. माझ्या मते त्या तपासणीत नियम अर्धाच उपयोगी पडतो. उरलेलं अर्धं उत्तर पुराव्यात असतं: असं आजवर कुणी लिहिलं, कुठे लिहिलं आणि कुणासाठी? असा पुरावा पद्धतशीर गोळा करण्याचं एक मोठं काम महाराष्ट्रात, कोल्हापुरात झालेलं आहे. त्याच्याकडे येण्याआधी ‘टू’चा गुंता सोडवू.

दोन ‘टू’, काम वेगळं

इंग्रजीत ‘टू’ दोन कामं करतो. ‘आय वाँट टू गो’ यातला ‘टू’ क्रियापदाला चिकटलेला आहे, त्याला स्वतःचा अर्थ जवळजवळ नाही. ‘आय ॲम गोइंग टू पुणे’ यातला ‘टू’ मात्र आपल्या ‘-ला’, ‘-कडे’सारखा दिशा दाखवतो. तो शब्दयोगी अव्ययाचं काम करतो आणि त्याच्यापुढे नाम लागतं. तिथे क्रियापद आणायचंच असेल तर त्याला ‘इंग’ लावून नामासारखं करून घ्यावं लागतं. मराठीतही ‘येणे’चं ‘येण्याची’ केल्याशिवाय ‘वाट पाहणे’ला जोडता येत नाही. आपण ‘तुम्ही येण्याची वाट पाहतो’ म्हणतो.

कुठला ‘टू’ आहे ते ओळखायची सोपी परीक्षा आहे. पुढचं क्रियापद काढा आणि तिथे एखादं साधं नाम ठेवून बघा. ‘वुई लुक फॉरवर्ड टू युअर व्हिजिट’ हे वाक्य उभं राहतं. म्हणजे इथला ‘टू’ नाम मागणारा आहे, म्हणून ‘वेलकमिंग’, म्हणून ‘हिअरिंग’. आता ‘वुई वाँट टू युअर व्हिजिट’ करून बघा, वाक्य कोसळतं. तिथे मूळ रूपच हवं.

‘ऑब्जेक्ट टू’ आणि ‘इन ॲडिशन टू’ यांच्याही पुढे हीच गत. सर्वांत फसवी जोडी ‘यूज्ड टू’ची आहे. ‘आय यूज्ड टू लिव्ह इन कामशेत’ म्हणजे मी पूर्वी कामशेतला राहायचो. ‘आय ॲम यूज्ड टू लिव्हिंग इन कामशेत’ म्हणजे मला कामशेतला राहायची सवय झाली आहे. एका ‘ॲम’ने आणि एका ‘इंग’ने माणसाचा पत्ता बदलतो.

पाऊस मुसळधार, वारा सोसाट्याचा

नामाची परीक्षा ‘टू’पुरती कामाला येते. पण बरेच तुकडे असे असतात की व्याकरण त्यांना हरकत घेत नाही आणि तरीही ते चुकलेले असतात.

जुलैत लोणावळ्याला आलेल्या पाहुण्याला सावध करायचं आहे. ‘स्ट्राँग रेन’ लिहायचं की ‘हेवी रेन’? दोन्हींत विशेषण आहे, नाम आहे, क्रमही बरोबर आहे. तरी इंग्रजीत पाऊस ‘हेवी’ असतो आणि वारा ‘स्ट्राँग’. का, याला तर्कशुद्ध उत्तर नाही. आपल्याकडे पाऊस मुसळधार, वारा सोसाट्याचा, थंडी कडाक्याची, ऊन रणरणतं आणि काळोख मिट्ट. ‘सोसाट्याचा पाऊस’ म्हणणाऱ्याला आपण व्याकरणाचा कुठलाही नियम दाखवू शकत नाही, पण हा माणूस मराठी नव्याने शिकतो आहे हे तत्काळ ओळखतो.

शब्दांच्या या ठरून गेलेल्या संगतीला भाषाविज्ञानात ‘कोलोकेशन’ म्हणतात. मराठीत सहप्रयोग म्हणू. ही संकल्पना भाषाविज्ञानात मध्यवर्ती केली ती जे. आर. फर्थ या इंग्रज अभ्यासकाने. १९२०च्या दशकात हे गृहस्थ लाहोरला पंजाब विद्यापीठात इंग्रजी शिकवत होते. शब्दाचा अर्थ त्याच्या सोबत्यांवरून कळतो, असं त्यांचं म्हणणं थोडक्यात सांगता येईल.

संगत पाठ करण्याला पर्याय नाही, पण ती शोधून काढण्याला साधन आहे: शिकणाऱ्यांसाठी बनवलेला कोश. आपल्याकडे घरात जो इंग्रजी-मराठी कोश असतो तो शब्दाचा अर्थ सांगतो, शब्द कसा वापरायचा ते क्वचितच सांगतो. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही त्यांची गरज वेगळी आहे, हे ए. एस. हॉर्नबी या शिक्षकाने जपानमध्ये शिकवताना ओळखलं. त्याने सहकाऱ्यांसह केलेला कोश १९४२ साली जपानमध्ये निघाला आणि १९४८पासून ऑक्सफर्डने तो जगभर नेला. आजची ‘ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी’ ही त्याचीच पुढची आवृत्ती. या कोशात ‘लुक फॉरवर्ड टू’च्या पुढे ‘समथिंग’ आणि ‘डूइंग समथिंग’ असा साचाच दिलेला असतो. नामाला अनेकवचन होतं की नाही हेही खुणेने सांगितलेलं असतं. ‘फर्निचर’, ‘लगेज’, ‘इन्फर्मेशन’ यांना ‘एस’ लागत नाही, हे तिथे एका नजरेत कळतं. अशा कोशांची संकेतस्थळं फुकट वाचता येतात. पाटी रंगवायला टाकण्याआधी एवढं एक पान उघडलं तरी पुष्कळ चुका वाचतात.

चिक्कीच्या खोक्याचंच घ्या. ‘मेड इन’च्या पुढे गावाचं नाव येतं: मेड इन लोणावळा. ‘मेड ऑफ’ म्हणजे वस्तू ज्याची बनली ते द्रव्य अजून तसंच दिसतं, जसं लाकडाचं टेबल. ‘मेड फ्रॉम’मध्ये मूळ पदार्थाचं रूप पालटलेलं असतं, जसा उसापासून गूळ. आणि जिन्नस सांगायचे असतील तर ‘मेड विथ’: मेड विथ पीनट्स अँड जॅगरी. चारही तुकडे इंग्रजीत आहेत, फक्त प्रत्येकाची जागा वेगळी आहे.

‘पर्यंत’ आणि ‘पासून’ची करामत

आपल्या इंग्रजीतल्या पुष्कळ चुका विखुरलेल्या नसतात. त्या ठरावीक जागी होतात, आणि त्या जागा मराठीने आखून दिलेल्या आहेत.

‘शुक्रवारपर्यंत’ या आपल्या शब्दात दोन वेगळे अर्थ सुखाने राहतात. ‘दुकान शुक्रवारपर्यंत उघडं आहे’ यात क्रिया शुक्रवारपर्यंत चालू राहते. ‘पैसे शुक्रवारपर्यंत भरा’ यात क्रिया एकदाच होते, शुक्रवार ही फक्त मुदत आहे. इंग्रजी इथे दोन शब्द ठेवते. चालू राहण्याला ‘टिल’ किंवा ‘अन्टिल’, मुदतीला ‘बाय’. ‘बुकिंग इज ओपन टिल फ्रायडे’ बरोबर. ‘प्लीज पे टिल फ्रायडे’ मात्र चूक, कारण त्यातून शुक्रवार उजाडेपर्यंत पैसे भरतच राहा असा अर्थ निघतो. तिथे ‘बाय फ्रायडे’ हवं. व्यवहारात ही चूक महाग पडू शकते, कारण ‘बाय’ आणि ‘टिल’ची अदलाबदल झाली तर मुदत कशाची हेच संदिग्ध होतं.

‘पासून’चंही तेच. ‘१९६०पासून’ आणि ‘दहा वर्षांपासून’ यांत आपल्याला एकच शब्द पुरतो. इंग्रजीत सुरुवातीचा क्षण सांगायचा असेल तर ‘सिन्स’, कालावधी सांगायचा असेल तर ‘फॉर’. म्हणून लोणावळ्याच्या बाजारात दुकानांच्या पाट्यांवर ‘सिन्स’ आणि पुढे साल लिहिलेलं असतं ते अगदी बरोबर आहे. तोच दुकानदार ‘वुई आर इन बिझनेस सिन्स टेन इयर्स’ लिहितो तेव्हा चुकतो. ‘वुई हॅव बीन इन बिझनेस फॉर टेन इयर्स’ असं हवं. ‘डिस्कस अबाउट’मधलं ‘अबाउट’ आपल्या ‘बद्दल चर्चा’तून येतं. ‘मॅरीड विथ’मधलं ‘विथ’ ‘शी लग्न’मधून येतं. इंग्रजीत ‘डिस्कस’ला मधला दुवा लागतच नाही आणि ‘मॅरीड’ला ‘टू’ लागतो.

या निरीक्षणाला शंभराहून अधिक वर्षं झाली आहेत. मुंबई इलाख्यात सनदी नोकरी केलेल्या जॉर्ज क्लिफर्ड व्हिटवर्थ यांनी १९०७ साली ‘इंडियन इंग्लिश’ नावाचं पुस्तक काढलं. भारतीय माणसं इंग्रजी लिहिताना वाक्प्रयोगांत कुठे चुकतात याची छाननी हाच त्याचा विषय. आपल्या भागातल्या लोकांच्या इंग्रजीकडे इतक्या बारकाईने पाहणाऱ्या सुरुवातीच्या पुस्तकांपैकी हे एक. त्याची दृष्टी सरळ होती: विलायतेत जसं लिहितात तसं नसेल तर चूक. पुढे कोल्हापुरात विचारला गेलेला प्रश्न याहून वेगळा होता.

मातृभाषेची ही सावली फक्त आपल्यावर पडते असं नाही. २७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांतल्या तेनेरिफ विमानतळावर दाट धुक्यात दोन जंबो विमानं धावपट्टीवर एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसं मेली. त्यातल्या डच विमानातून नियंत्रकाला पाठवलेले शब्द ‘वुई आर नाऊ ॲट टेक-ऑफ’ असे ऐकू आले. नियंत्रकाने त्याचा अर्थ घेतला की विमान उड्डाणाच्या जागी उभं आहे. प्रत्यक्षात ते वेगाने धावू लागलं होतं. डच भाषेत एखादी क्रिया चालू आहे हे सांगायला ‘ॲट’सारखं अव्यय वापरून रचना करतात आणि इंग्रजी बोलताना तीच रचना ओठांवर आली असावी, असं काही भाषाभ्यासकांनी मांडलं आहे. अपघाताला धुकं, गर्दी, घाई, रेडिओवर आदळलेले संदेश अशी इतर कारणं होतीच. तरी एवढ्याशा ‘ॲट’ने काय होऊ शकतं हे विमानवाहतुकीने मनावर घेतलं. ‘टेक-ऑफ’ हा शब्द आता प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारायचा, एरवी ‘डिपार्चर’ म्हणायचं, अशी शिस्त आली.

शितावरून भाताची परीक्षा

आता पुराव्याकडे. समजा कोशात तुमचा तुकडा सापडला नाही. मग तो चूक का? तसं लगेच म्हणता येत नाही. कोश कितीही मोठा असला तरी भाषेतली प्रत्येक जोडणी त्यात मावणार नाही. लोक प्रत्यक्ष काय लिहितात ते पाहावं लागतं. पण लोक अब्जावधी वाक्यं लिहितात, ती सगळी कोण वाचणार?

मावळात इंद्रायणी तांदूळ घाऊक घ्यायला आलेला जाणकार व्यापारी एकाच पोत्याच्या तोंडाशी हात घालून भाव ठरवत नाही. तो वेगवेगळी पोती उघडायला लावतो, प्रत्येकातून मूठभर दाणे काढतो, तळातलेही बघतो. भाषेच्या अभ्यासकांनी हेच केलं. अमेरिकेत ब्राउन विद्यापीठातल्या नेल्सन फ्रान्सिस आणि हेन्री कुचेरा यांनी १९६१ साली छापलेल्या अमेरिकन मजकुरातून ५०० उतारे निवडले, प्रत्येक सुमारे २,००० शब्दांचा. बातम्या, अग्रलेख, धार्मिक लेखन, छंदांची पुस्तकं, सरकारी कागद, शास्त्रीय निबंध, कादंबऱ्या असे एकूण १५ प्रकार ठरवून प्रत्येकातून मूठ काढली. एकूण दहा लाख शब्द झाले आणि ते संगणकावर चढवले. अशा नमुनासंग्रहाला ‘कॉर्पस’ म्हणतात. त्याच मापाने ब्रिटिश इंग्रजीचा संग्रह लँकेस्टर, ऑस्लो आणि बर्गन इथल्या अभ्यासकांनी मिळून केला, तोही १९६१च्या मजकुरावरून.

आणि तिसरा कोल्हापूरचा. शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. व्ही. शास्त्री यांनी सहकाऱ्यांसह भारतीय इंग्रजीचा दहा लाख शब्दांचा संग्रह उभा केला. मजकूर १९७८ साली भारतात प्रसिद्ध झालेला घेतला, म्हणजे स्वातंत्र्याला तीस वर्षं उलटून गेल्यावरचं इंग्रजी. उतारे ५००, प्रत्येकी सुमारे २,००० शब्दांचे, प्रकार तेच १५. विज्ञानकथांसारखे प्रकार भारतीय इंग्रजीत तेव्हा अगदी थोडे होते, म्हणून तिथला वाटा कमी करून सर्वसाधारण कथा-कादंबऱ्यांना जास्त जागा दिली. संग्रहाची मार्गदर्शिका १९८६ साली निघाली. जगभरचे भाषाभ्यासक याला ‘कोल्हापूर कॉर्पस’ या नावाने ओळखतात. कोल्हापूर म्हटलं की आपल्याला बऱ्याच गोष्टी आठवतात, त्यांत या संग्रहाचाही समावेश व्हायला हवा असं मला मनापासून वाटतं.

माप एकच ठेवण्यात मोठी युक्ती होती. तीन संग्रह सारख्याच आकाराचे आणि सारख्याच वाट्यांचे असल्यामुळे एखादा तुकडा तिन्हींत शोधला की थेट तुलना करता येते. आकडे वेगळ्या आकाराच्या संग्रहांतले असतील तर दर दहा लाख शब्दांमागे किती, असा हिशेब करावा लागतो. समजा, एखादा तुकडा दहा लाख शब्दांच्या संग्रहात १२ वेळा आला आणि दहा कोटींच्या संग्रहात ३०० वेळा. दुसरा आकडा मोठा दिसतो, पण दर दहा लाखांमागे तो फक्त ३ आहे. पहिल्या ठिकाणी तुकडा चौपट रूढ आहे.

संख्येइतकाच महत्त्वाचा असतो पसारा. १२ वेळा आलेला तुकडा एकाच कादंबरीत १२ वेळा आला असेल तर ती त्या लेखकाची लकब. तोच वर्तमानपत्रात, सरकारी अहवालात, निबंधात आणि कथेत मिळून १२ वेळा आला, लिहिणारे सगळे वेगळे, तर त्या समाजात तो रुजलेला आहे. व्हिटवर्थच्या पद्धतीत विलायतेतला दाखला नसला की विषय संपत होता. कोल्हापूरच्या संग्रहामुळे ‘भारतात सुशिक्षित माणूस असं लिहितो का’ हा प्रश्न पुराव्याने सोडवता येऊ लागला.

संग्रहाच्या मर्यादाही ध्यानात ठेवायला हव्यात. दहा लाख शब्द ऐकायला खूप वाटतात, पण तीन-चार शब्दांचा एखादा विरळा तुकडा त्यात एकदाही न येण्याची शक्यता भरपूर. न सापडणं म्हणजे चूक सिद्ध होणं नव्हे. म्हणून पुढे ‘ब्रिटिश नॅशनल कॉर्पस’सारखे दहा कोटी शब्दांचे संग्रह झाले. शिवाय कोल्हापूरच्या पहिल्या संग्रहात फक्त छापील भाषा होती. बोलणं आणि लेखन दोन्ही घेणारा भारतीय संग्रह नंतर ‘इंटरनॅशनल कॉर्पस ऑफ इंग्लिश’ या जागतिक प्रकल्पात झाला, त्यातही शिवाजी विद्यापीठाचा सहभाग होता.

आकड्यावर थांबू नका, ओळी वाचा

घरी बसल्या आपण बहुतेक जण गूगलमध्ये तुकडा टाकतो आणि ‘इतके लाख निकाल’ पाहून निश्चिंत होतो. तो आकडा अंदाजी असतो. त्यात एकच मजकूर शेकडो पानांवर चिकटवलेला असतो, यंत्राने केलेली भाषांतरं असतात, आणि तुमच्यासारख्याच चुकलेल्या माणसांची पानंही असतात.

तरी शोधयंत्र उपयोगी करून घेता येतं. तुकडा अवतरणचिन्हांत टाका, म्हणजे ते शब्द त्याच क्रमाने शोधले जातील. मग शोध एखाद्या चांगल्या इंग्रजी वर्तमानपत्राच्या किंवा विद्यापीठाच्या संकेतस्थळापुरता मर्यादित करा. आणि मुख्य म्हणजे आलेल्या ओळी वाचा. ‘लुक फॉरवर्ड टू वेलकम’ हे चार शब्द शोधले तर ‘फार्मर्स लुक फॉरवर्ड टू वेलकम शॉवर्स’ अशा धर्तीची ओळ सापडू शकते. तिथे ‘वेलकम’ हे क्रियापद नाही, ‘हवाहवासा’ या अर्थाचं विशेषण आहे, आणि ओळ निर्दोष आहे. नुसतं मोजणाऱ्याला ती आपल्या बाजूची साक्ष वाटेल. कॉर्पस वापरणारे अभ्यासक म्हणूनच शोधलेला शब्द मधोमध ठेवून त्याच्या डाव्या-उजव्या शब्दांसह ओळी एकाखाली एक मांडतात. अशा वीस-पंचवीस ओळी वाचल्या की साचा डोळ्यांपुढे येतो.

गूगलचा ‘एनग्रॅम व्ह्यूअर’ डिसेंबर २०१०पासून आहे. पाच शब्दांपर्यंतचा तुकडा छापील पुस्तकांत कोणत्या काळी किती रूढ होता याचा तो आलेख काढतो. किमान ४० पुस्तकांत न आलेला तुकडा तो दाखवतच नाही. दोन पर्याय स्वल्पविराम देऊन टाकले की दोन रेषा शेजारी दिसतात, अमेरिकन आणि ब्रिटिश वेगळंही पाहता येतं. भारतीय इंग्रजीचा वेगळा कप्पा मात्र त्यात नाही, त्यामुळे तिथली सपाट रेषा आपल्या वापराविरुद्धचा निकाल मानू नये.

फोनमधली आपोआप दुरुस्ती आणि नवी लेखनसहायक यंत्रं चांगली आहेत, वापरावीत. त्यांना कोट्यवधी वाक्यांवरून कुठल्या शब्दापुढे कुठला शब्द येण्याची शक्यता जास्त हे माहीत असतं. तुमच्या मनातलं माहीत नसतं. ‘ओपन टिल संडे’ आणि ‘ओपन बाय संडे’ दोन्ही त्यांना शुद्ध वाटतील. रिसॉर्ट रविवारनंतर बंद होणार की रविवारच्या आत सुरू होणार, हे फक्त मालकाला ठाऊक.

चूक की आपलं इंग्रजी?

वडगावच्या तहसील कचेरीत इंग्रजीत दिलेल्या अर्जाच्या शेवटी ‘काइंडली डू द नीडफुल’ लिहिलं तर त्यात काही गैर नाही. हा तुकडा एकेकाळी ब्रिटिश लेखनातही चालत होता. तिकडे तो मागे पडला, इकडे टिकला. ‘प्रीपोन’ तर कोशात ‘इंडियन इंग्लिश’ अशा खुणेने बसला आहे. असे शब्द भारतीय वाचकासाठी बिनदिक्कत वापरावेत, विलायतेला विचारण्याची गरज नाही.

वाचणारा बदलला की हिशेब बदलतो. लोणावळ्यात आयएनएस शिवाजी या नौदलाच्या प्रशिक्षण केंद्रात ‘पासिंग आउट परेड’ होते आणि ब्रिटनमध्येही सैनिकी प्रशिक्षण पुरं करण्याला हाच शब्द आहे. आपण तो सगळ्या महाविद्यालयांना लावला. ‘आय पास्ड आउट इन २०१५’ हे अमेरिकन माणसाला ‘मी २०१५ साली बेशुद्ध पडलो’ असं ऐकू येतं. ‘ओनर इज आउट ऑफ स्टेशन’ वाचून परदेशी पाहुण्याला रेल्वे स्टेशन आठवेल. लोणावळ्याच्याच कैवल्यधाम योगसंस्थेत परदेशी साधक वर्षानुवर्षं येत आले आहेत. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली ती स्थापन केली आणि त्याच वर्षी ‘योग मीमांसा’ हे इंग्रजी नियतकालिक सुरू केलं. दूरच्या वाचकाला कळेल असं इंग्रजी लिहिण्याची गरज या गावाला शंभर वर्षं जुनी आहे.

कधी दोन्ही बरोबर असतात. ‘ॲकॉमोडेशन’ला ब्रिटिश इंग्रजीत ‘एस’ लागत नाही, अमेरिकन हॉटेलं मात्र ‘ॲकॉमोडेशन्स’ सर्रास लिहितात. ब्रिटिश ‘ॲट द वीकएंड’ म्हणतात, अमेरिकन ‘ऑन द वीकएंड’. लोणावळ्यासारख्या वीकएंडवर जगणाऱ्या गावात दोन्ही दिसतील. एका पाटीवर एकच धरावं, म्हणजे झालं.

चौकट: पाटी छापायला देण्यापूर्वी

• संशय असलेला तुकडाच वेगळा काढा, सगळं वाक्य नको.
• ‘टू’ असेल तर पुढे नाम ठेवून बघा. बसलं तर क्रियापदाला ‘इंग’.
• ‘पर्यंत’, ‘पासून’, ‘बद्दल’, ‘शी’ यांचं इंग्रजी केलं असेल तर दुप्पट लक्ष द्या.
• शिकणाऱ्यांसाठीच्या कोशात शब्दाचा साचा आणि अनेकवचनाची खूण पाहा.
• अवतरणचिन्हांत शोधा, निवडक संकेतस्थळांवर शोधा, निदान वीस ओळी वाचा.
• वाचणारा भारतीय की बाहेरचा, ते आधी ठरवा.

इंदुरीतली शिस्त

मावळातच एक जागा अशी आहे जिथे वाक्प्रयोगाची निवड माणसाच्या मर्जीवर सोडलेली नाही. तळेगावजवळ इंदुरीला तोलानी मेरिटाइम इन्स्टिट्यूट आहे. तिथे व्यापारी जहाजांवर जाणारे अधिकारी घडतात. जहाजावर एक जण फिलिपिनो, दुसरा युक्रेनी, तिसरा मराठी, बंदरातला अधिकारी चौथ्याच देशाचा, आणि समान भाषा इंग्रजी. कुणाचं इंग्रजी शुद्ध हा वाद तिथे परवडत नाही. म्हणून आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ साली ‘स्टँडर्ड मरीन कम्युनिकेशन फ्रेजेस’ म्हणजे ठरीव वाक्यांचा संच मान्य केला. जहाज चालवण्याची पाळी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याला तो समजणं आणि वापरता येणं बंधनकारक आहे.

या संचात शुद्धतेपेक्षा एकार्थीपणाला जास्त मान आहे. ‘मे’, ‘माइट’, ‘शुड’, ‘कुड’ हे शब्द टाळायला सांगितले आहेत, कारण ‘मे’मधून परवानगीही निघते आणि शक्यताही. बोलण्याआधी संदेशाचा प्रकार सांगता येतो: प्रश्न, उत्तर, सूचना, सल्ला, इशारा, माहिती, विनंती की इरादा. आकडे सुटे उच्चारायचे, १५० म्हणजे ‘वन फाइव्ह झीरो’. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ रेडिओच्या खरखरीत सारखेच वाटतात. वेळ चोवीस तासांच्या घड्याळाने सांगायची.

यातली शेवटची सवय हॉटेलवाल्यांनी उचलावी. ‘चेक-आउट १२ पीएम’ या तुकड्यात व्याकरणाची चूक नाही, पण बारा ‘पीएम’ म्हणजे दुपार की मध्यरात्र, याबद्दल जगभर लोकांचा गोंधळ होतो, आणि तो दूर करायला कुठलाही कोश पुरत नाही. ‘ट्वेल्व्ह नून’ लिहावं. किंवा नुसतं १२:०० आणि मध्यरात्रीसाठी ००:००.